जनरलची धर्मलेकरं

बाळाचं अंगडं काखेत घट्ट होत होतं. कासिल्दामावशीने दोन टाके उसवले आणि म्हणाली, "चालेल. जनरल काही काखा बघायला येत नाही."

निकानोर न्हाव्याच्या हातून मात्र साबणाची वाटी पुन्हा निसटली. भिंतीवर 'या घरात जनरलच धनी' अशी पितळी पाटी होती. ती घरोघर होती, कारण जो लावत नसे त्याचं घर फार दिवस राहत नसे. पाटीखाली सोनेरी कडांचं आमंत्रण टेकवलेलं. रविवारी सकाळी बाप्तिस्म्याला जनरल गावातल्या लेकरांचा धर्मपिता होणार, संध्याकाळी क्लबात नाच. आमंत्रणावर निकानोरच्या पोरीचं, एनेईदाचं नाव होतं. एकटीचंच. अशा नाचाला एकटं बोलावलेल्या पोरींचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि नको म्हणणाऱ्या बापांचं काय होतं तेही.

आठवड्यापूर्वीच एनेईदा डोंगरापलीकडून हे गुबगुबीत बाळ घेऊन परतली होती. सोबत कासिल्दामावशी, तिचं खेचर आणि तीन शेळ्या. तिन्ही शेळ्यांच्या गळ्यात विटक्या निळ्या फिती. एनेईदाला दूध नव्हतं, तेव्हा पाजायचं काम मावशीकडे.

शेजारच्या दोमितिलाने तर तोंडाचा पट्टाच सोडला. लग्न ठरलेली पोर आणि कडेवर लेकरू! रस्त्याने शिपाई जात असला की तिला जास्तच जोर चढे. नवल म्हणजे एनेईदाचा होणारा नवरा फेर्मीन रोज अकॉर्डियन घेऊन यायचा आणि त्याच बाळाला नाचाचे ठेके वाजवून दाखवायचा. बाळ मान डोलवायचं. हा माणूस आहे की रताळं, असं गाव म्हणायचं.

"लेकरू कसंही आलं असो, वेळेवर आलंय," कासिल्दा निकानोरला म्हणाली. "जनरलने एकदा याच्या डोक्यावर पाणी घातलं की ही त्याची कोमाद्रे, तो हिचा कोम्पाद्रे. सख्ख्या बहिणीच्या ठिकाणी. तिच्या अंगाला हात लावणाऱ्याला नरकातसुद्धा जागा देत नाहीत."

"तो कुठे घाबरतोय देवाला?"

"देवाला नाही. आईला घाबरतो."

रविवारी चर्चसमोर ही भली मोठी रांग लागली. पाणी पडताच पोरं भोकाड पसरत होती. जनरलचा चेहरा उतरत चालला होता. एनेईदाच्या बाळाने मात्र पाण्याचं भांडं दिसताच स्वतःहून डोकं पुढे केलं आणि बोळकं पसरून हसलं.

"वाघ आहे वाघ," जनरल खूश झाला. "नाव काय ठेवायचं?"

एनेईदा नुसतीच बघत राहिली. निकानोरच घाईघाईने म्हणाला, "तुमचंच, साहेब." पाद्री आन्सेल्मोंना त्याच वेळी खोकल्याची उबळ आली.

संध्याकाळी क्लब दिव्यांनी लखलखत होता. जनरलची म्हातारी आई पहिल्या खुर्चीत पंखा हलवत बसली होती. फेर्मीन बँडमध्ये वाजवत होता. निकानोर बाहेर खिडकीचे गज धरून उभा होता.

आधी भाषण झालं. "बाहेरचे पेपरवाले लिहितात, हा माणूस भीतीवर टिकलाय," जनरल म्हणाला. "त्यांना म्हणावं, या मुलखात येऊन बघा. माझी हजारो धर्मलेकरं आहेत. घरोघर माझं नाव लावणारं पोर आहे. याला भीती म्हणतात की माया?" टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बराच वेळ चालला, कारण आधी कोण थांबतो ते बघायला कोपऱ्यात माणूस बसवलेला होता.

मग जनरल खाली उतरला आणि सरळ एनेईदाकडे गेला. त्याने तिचा हात धरला. फेर्मीनचा सूर चुकला. मागच्या दाराशी मोटार उभी होती, तिचं इंजिन सुरूच होतं.

एनेईदाने गुडघे वाकवले आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमच्या धर्मलेकराने पापा पाठवलाय, कोम्पाद्रे."

म्हातारीचा पंखा थांबला. "ही तुझी कोमाद्रे?"

"सकाळचीच, आई."

"मग हात सोड तिचा."

जनरलने हात सोडला. मग तो मोठ्याने हसला, भावाने टेकावेत तसे तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि आईला घेऊन नाचायला लागला. फेर्मीनने असा काही ठेका धरला की म्हातारे पाद्रीही डोलू लागले. बाहेर निकानोर रडत रडत दोमितिलाबरोबर नाचला. जन्मात इतका आनंद त्याला झाला नव्हता.

सकाळी शिपाई जनरलची भेट घेऊन दारात आला. धर्मलेकराला एक दुभती शेळी, गळ्यात नवी कोरी निळी फीत. ती परसात बांधतो म्हणून तो निघाला, तर दोमितिला त्याच्या वाटेत उभी राहून एनेईदाच्या नावाने असा शंख करू लागली की तो बिचारा दावं निकानोरच्या हातात देऊन पळालाच.

तो वळणापलीकडे गेला आणि दोमितिला गप्प झाली. मग तिनेच परसातून तिन्ही शेळ्या आणि खेचर आणलं आणि त्यावर खोगीर चढवलं. नदीपलीकडच्या गावात मोच्याच्या पोरीला आमंत्रण आलं होतं, तिथे पुढच्या रविवारच्या आत पोचायला हवं होतं.

एनेईदाने बाळाचे खूप मुके घेतले. तिचा पाय निघेना. "मावशी, याचं खरं नाव तरी सांगा."

कासिल्दाने तिच्याकडून बाळ घेतलं, छातीशी लावलं आणि तीन शेळ्यांच्या मागे चौथी बांधली.

"नाव कुठलं, पोरी," ती म्हणाली. "माझ्या लेकराचा स्वतःचा बाप्तिस्मा व्हायचाय अजून."