भुऱ्याची फेरी

भुऱ्या आजही दारासमोर येऊन बसला. त्याच्यामागे शाळेची सात पोरे धूळपाट्या काखेत मारून गप्प उभी राहिली. मैनाबाईने आतून पाहिले आणि तोंड चुलीकडे फिरवले.

भुऱ्या हा शाळेचा कुत्रा. रोज सकाळी दारोदार फिरायचा, एक पोर बाहेर आले की पुढच्या दाराला. वाटेवर कापसाच्या गाड्यांची रीघ. गाडीवानांना अमरावतीच्या पेठेत पोचायची कोण घाई. गाडी दिसली की भुऱ्या पोरांना अंगाने रेटत कडेला न्यायचा. कापसाला कधी नव्हे तो भाव आला तसे गावाने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या आणि पोरांना वेचणीला जुंपले. तरी ही सात पोरे शाळेत जात ती भुऱ्याच्या भरवशावर. कुत्रा आहे ना सोबत, मग जाऊ दे, असे त्यांच्या आया म्हणत.

आठवा होता मैनाबाईचा गोवर्धन. दिवाळीच्या तोंडावर तापाने तीन दिवसांत गेला. पोरांना कळले, पण कुत्र्याला कोण सांगणार? तो याच दारी येऊन बसायचा, आणि काही केल्या उठायचा नाही. त्याच्यावाचून पोरेही पुढे जात नसत. ऊन अंगणात येईपर्यंत ती मुकी रांग मैनाबाईच्या दारात. तिच्या काळजाला घरे पडायची. परवा तिने शाळेत निरोप धाडला होता, कुत्र्याला आवरा म्हणून.

आज शालिकराम पंतोजी स्वतः दोर घेऊन आले. वाटेवर कापसाने भरलेली एक गाडी थांबली होती.

"नेऊन राहिलो बाई त्याले," पंतोजी म्हणाले. "हा गाडीवान अमरावतीले सोडून देईन."

"अन् पोरं?"

"पोरं काय, जातीन वेचणीले. भुऱ्या नसला तं घरचे कायले पाठवतीन? शाळेले कुलूप लागन. पन तुमाले दोष नाही बाई. मले बी हे पाहवत नाही."

पंतोजींनी गळ्यात दोर अडकवला. भुऱ्याने निमूट मान दिली, पण दारावरची नजर काही काढली नाही. मैनाबाईला ते दिसले. हा गेला की गोवर्धनची वाट पाहणारे गावात दुसरे कोणी उरणार नाही, असे तिच्या मनात आले.

"थांबा पंतोजी." ती अंगणात आली. वेचणीची ओटी तिने कमरेला बांधलेलीच होती. "चाल रे भुऱ्या, मी येतो."

भुऱ्याने तिचे पाय हुंगले आणि पुन्हा घरात पाहिले.

मैनाबाईनेही वळून घरात पाहिले. मग आत गेली. खुंटीवरची गोवर्धनची धूळपाटी काढली, पदराने पुसली आणि तो मारायचा तशी काखेत मारून बाहेर आली. भुऱ्या उठला.

पंतोजींनी दोर सोडला. गाडीवान एकटाच निघून गेला. पुढे भुऱ्या, त्याच्यामागे सात पोरे आणि शेवटी मैनाबाई. वाटेत कापसाची दुसरी गाडी आली तेव्हा भुऱ्या मागे धावला आणि तिलाही अंगाने रेटत कडेला घेऊन गेला. पोरांतले कोणी हसले नाही.

शाळेच्या पायरीशी पोरे आत गेली, भुऱ्या दारात पसरला. पंतोजींनी हात पुढे केला.

"द्या बाई ते पाटी. ठेवतो मी शाळेत जपून."

मैनाबाईने पाटी काखेत आणखी घट्ट धरली आणि शेताच्या वाटेला वळली.

"राहू द्या पंतोजी," ती म्हणाली. "उद्या पुन्हा लागन."