खरेदीखत झाल्यावर

शिरपूरचं भाईदासनानांचं घर रतिलालने त्रेपन्न साली विकत घेतलं. खरेदीखत नोंदलं गेलं, किल्ली हातात आली, घर रतिलालचं झालं.

दुसऱ्या दुपारी तो आणि त्याची बायको सुमनबाई बाजारातून परतले. कुलूप काढलं, पण दार उघडेना. आतून कडी होती.

मागच्या दाराची किल्ली नानांनी ठेवून घेतली असणार. रतिलाल तडक त्यांना घेऊन आला.

“नाना, घरमा कोन शे?”

“देवनी आन, कोनी नही. घर आते तुमनं शे.”

रतिलालने दार ठोठावलं.

“कोन शे?” आतून बाईचा आवाज आला. “आम्ही कालच हाई घर लिधं.”

आवाज सुमनबाईचा होता. ती तर रतिलालचा हात धरून शेजारीच उभी होती.

नाना तिच्याकडे बघत मागे सरकले.

“रतिलाल, मंग हाई कोन शे?”