शेवट अडलेला माहितीपट

“नापास,” आदिनाथ म्हणाला.

सिनेमा त्यानं पाहिला नव्हता. लातूरच्या त्यांच्या चित्रपट मंडळाची पद्धतच तशी होती. नव्या सिनेमांच्या, माहितीपटांच्या लिंका यायच्या. त्या मंजुश्री बघायची आणि आदिनाथला तोंडी सांगायची. आदिनाथ डोळे मिटून ऐकायचा आणि निकाल द्यायचा. सांगताना जो पडतो, तो पडद्यावरही पडतो, असं त्याचं मत होतं. मंडळात सभासद दोनच. त्यामुळे हे मत एकमतानं मंजूर झालं होतं.

तो अर्धापूरच्या केळीवाल्यांचा. लातुरात नीटच्या क्लासला फिजिक्स शिकवायचा. ती संगप्पा भांडेवाल्यांची धाकटी. महिन्यातून एकदा क्लासच्याच हॉलमध्ये खेळ व्हायचा. एकदा पोरं जादा तास समजून आली आणि पडद्यावरच्या एका विहिरीच्या नोट्स काढून गेली. जाताना एकानं विचारलं, सर, हे परीक्षेला आहे का?

आदिनाथला मंजुश्रीला लग्नाचं विचारायचं होतं. एखादा खरोखर चांगला सिनेमा दाखवावा, आणि दिवे लागता लागता विचारावं, असं त्यानं ठरवलं होतं. दोन वर्षं झाली. निवड चालू होती.

“नापास का पण?” मंजुश्रीनं विचारलं.

“शेवटचा कल्हईवाला! मागं शेवटचा पखाली झाला. त्याच्या आधी शेवटचा घिसाडी. मराठवाड्यात पहिला कोण हाय का न्हाई?”

एरवी ती हसली असती. आज नुसती क्लासच्या जिन्यात बसून राहिली. तिचा फोन वाजत होता. त्यावर ‘आप्पा’ दिसत होतं आणि ती कट करत होती.

“अजून एक हाय,” ती म्हणाली. “माहितीपट. पुरा झाला न्हाई अजून. शेवट अडलाय.”

“सांग.” आदिनाथनं डोळे मिटले.

“एक घर. बैठकीत पाचसहा माणसं. समोर खुर्चीत एक पोरगी. बघायचा कार्यक्रम चाललाय.”

“कांदेपोहे. विषय जुना झाला.”

“कांदेपोहे न्हाई. सुशीला. वरून शेंगदाणे.”

“मुरमुऱ्याची सुशीला? म्हणजे बनवणारा इकडचाच दिसायलाय. पुढं?”

“एक बाई विचारती, तुला आवड कशाची? पोरगी म्हणती, सिनेमाची. बाई म्हणती, मग काय, आमच्याकडं टीव्ही लई मोठा हाय.”

आदिनाथ खूश झाला. “हे लिहून जमत नसतंय, मंजे. हे घडावं लागतंय. अन् पोरगी काय करायली?”

“दाराकडं बघायली. सारखी.”

“कॅमेरा?”

“हलत न्हाई. तिलाच हलता येईना, तो कुठं हलणार?”

“वा. अन् शेवट?”

“दोन सुचलेत. एकात तिचा एक दोस्त दारातून आत येतो.”

“येऊन काय म्हणतो?”

“ते ठरलं न्हाई. काही न्हाई म्हणाला तरी चालतंय. नुसता आला तरी ती उठून उभी राहती.”

“दुसऱ्यात?”

“दुसऱ्यात कुणी येत न्हाई. ती कपबश्या गोळा करती अन् आत जाती.”

“दुसरा!” आदिनाथ जवळजवळ ओरडला. “डोळे झाकून दुसरा!”

“डोळे झाकलेलेच हायत तुझे. जरा विचार कर.”

“विचार काय करायचा त्यात? दारातून पोरगा आला की पब्लिक शिट्ट्या मारतंय. शिट्टी वाजली की माहितीपट मेला.”

“खऱ्यात कुणी येतच नसतंय का?”

“खऱ्यात कोण येतंय, मंजे?”

फोन परत वाजला. या वेळी तिनं उचलला. “हाव आप्पा,” ती म्हणाली. “निघालेच.”

मग ती उठली. ओढणी सारखी केली. पण गेली नाही.

“एकदा डोळे उघडून सांग,” ती म्हणाली.

आदिनाथनं डोळे उघडले. तिच्याकडे नीट बघितलं. आवाज शक्य तितका जबाबदार केला.

“दुसराच. सिनेमाच्या बाबतीत मी भावनेत वाहत न्हाई.”

“हाव,” ती म्हणाली. “सांगते तसं.”

तिची स्कूटी गल्लीच्या तोंडाशी दिसेनाशी झाली, तेव्हा आदिनाथला एकदम कळलं की हाच तो सिनेमा. पोरगी कपबश्या घेऊन आत जाईल. हॉलमध्ये कुणी खोकणारसुद्धा नाही. दिवे लागतील आणि तो तिला विचारेल. दुपारभर त्यानं वाक्य जुळवलं. आरशासमोर म्हणून बघितलं. एक शब्द काढला, परत घातला. त्याच्या आयुष्यातली ती फार सुंदर दुपार होती.

संध्याकाळी त्यानं मेसेज टाकला. ‘माहितीपट पास. लिंक पाठव. येत्या रविवारी लावू.’

 उत्तर आलं.

‘लिंक न्हाई. एकच खेळ होता. चार वाजता झाला. शेवट तुझाच ठेवला. उदगीरच्या पाहुण्यांना पसंत पडली.’

आदिनाथ मास्तर माणूस. त्यानं पहिल्यांदा चूक दुरुस्त केली.

‘पडली न्हाई, पडला. माहितीपट पुल्लिंगी.’

‘हाव,’ तिनं लिहिलं. ‘मी स्त्रीलिंगी.’