आवणीचा सीन

सिद्धगडाच्या पायथ्याशी शूटिंग चाललं होतं. शहरातून आलेली सून भाताची आवणी करताना गोंधळते, असा सीन. पण हिरॉइन वाकली की मागे सरकत सरळ ओळीत रोपं लावत जायची. डायरेक्टर वैतागला. “मॅडम, तुम्ही तर लंडनमध्ये वाढलेल्या. जरा चुका ना!” लंडनचं मासिकांत छापून यायचं, आई लहानपणीच वारली, असंही. शेवटी त्याने पाड्यावरून रोजावर आणलेल्या बायकांतल्या रखमीला हाक मारली. “मावशी, नवखी बाई कशी चुकते, ते यांना दाखवा.” रखमी चिखलातून जवळ आली. पोटची पोर इतक्या वर्षांनी समोर होती. रोपांची मूठ तिच्या हातात देत ती हळूच म्हणाली, “ल्हानपनी लावायचीस तशी लाव गो. पुढं चालायचीस, लावलेलं तुडवायचीस.” मॅडमनी तसंच केलं. “परफेक्ट!” डायरेक्टर ओरडला. रखमी वाकून तुडवलेली रोपं सरळ करू लागली.