बावीस किलो तूर

तुरीचं पोतं छोट्या गाडीच्या सीटवर नीट बसेना. शरणप्पांनी ते पुन्हा उचललं, जमिनीवर दोनदा आपटून बूड सारखं केलं, सीटवर ठेवलं आणि सुतळीने आवळून बांधलं. पोत्यात बावीस किलो तूर होती. हैदराबादेत राहणाऱ्या त्यांच्या सात वर्षांच्या नातीचं, भुवनेश्वरीचं, वजन बावीस किलो होतं. सुनेला फोन करून त्यांनी ते विचारून घेतलं होतं आणि घरच्या काट्यावर तूर तेवढीच भरली होती.

हुमनाबादच्या हमरस्त्यालगतच्या त्या दुकानात फवारणीचे पंप, बॅटरीच्या सायकली आणि लहान मुलांच्या चार चाकांच्या मिनी क्वाड बाईक एका रांगेत उभ्या असत. मालकीण सुधारानी. तिचं गिऱ्हाईक आधी रंग विचारी. शरणप्पा तिसऱ्यांदा आले होते आणि रंगाचा विषय त्यांनी अजून काढला नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी बस डेपोत ब्रेक तपासले होते. रिकाम्या गाडीचा ब्रेक कुणीही लावून दाखवतो, असं ते म्हणत. डेपोत ते बसमध्ये वाळूची पोती भरून चाचणी घेत. इथे वाळूच्या जागी तूर आली.

"नात लई शांत हाय तुमची, अप्पा," सुधारानी पहिल्या दिवशी म्हणाली होती. शरणप्पा हसले नव्हते.

दुकानामागच्या मुरमाच्या मैदानात ते गाडीच्या बाजूने चालत. एक हात हँडलवर, अंगठा रेसच्या खटक्यावर, डावा पाय किंचित ओढत. लाल गाडीचे मागचे ब्रेक लागले, पुढचे लागले नाहीत. पोतं हँडलवर आडवं झालं. ती बाद. निळीच्या सायलेन्सरला जाळी नव्हती. पोरीची पोटरी नेमकी तिथे येते, म्हणून तीही बाद. हिरवी मात्र सगळ्यातून पार पडली. तिला मागे एक लाल दोरी होती. ती ओढली की इंजिन बंद. दोरी मोठ्या माणसाने मनगटाला बांधायची आणि गाडीसोबत चालायचं. सुधारानीने वर एक रिमोटही दाखवलं. लांबून बटण दाबलं तरी इंजिन बंद होतं, म्हणाली. आपण बाजूलाच असणार, त्याचं काय काम, असं म्हणून शरणप्पांनी ते काउंटरवर परत ठेवलं.

राहिला वेग. रेसजवळ एक स्क्रू होता. तो आत पिळला की गाडी हळू पळे. सात वर्षांच्या मुलासाठी तो निम्मा उघडा ठेवा, असं गाडीच्या पुस्तकात होतं. शरणप्पांचा पुस्तकावर विश्वास नव्हता, म्हणून सकाळी सुधारानीने ओढणी कमरेला बांधून तेवढ्या वेगात गाडीबरोबर पळून दाखवलं. ब्रेक दाबल्यावर गाडी दोन हातांच्या अंतरात थांबली. शरणप्पांनी खडूने खुणा करून अंतर मोजलं, ठीक आहे म्हणाले. आणि तरीही त्यांनी स्क्रू आत पिळला. एक फेरी मारून आले, आणखी पिळला. पुन्हा फेरी, पुन्हा एक पीळ.

सुधारानी दाराशी उभी राहून बघत होती. तिला वाटलं, म्हातारा गाडी बाद करायला निमित्त शोधतोय. मग तिच्या लक्षात आलं की मैदानाच्या पार टोकाला शरणप्पांचे ओठ हलत होते. ते पोत्याशी बोलत होते. मोकळ्या हाताने त्यांनी लिंबाचं झाड दाखवलं, थोडं पुढे जाऊन आणखी काहीतरी दाखवलं. गाडी त्यांच्या ओढत्या पायाच्या बरोबरीने चालली होती. ना पुढे, ना मागे.

ते परत आले तेव्हा दम लागला नव्हता. चेहऱ्यावर समाधान होतं.

"आता बराबर," ते म्हणाले.

"अप्पा," सुधारानीने हळूच विचारलं, "गाडीचा वेग पोरीसाठी लावायलाव का तुमच्या पायासाठी?"

शरणप्पा पोत्यावर हात ठेवून उभे राहिले.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको दानम्मा गेली, तेव्हापासून घरात ते एकटे. गेल्या मे महिन्यात भुवनेश्वरी आली होती. त्यांनी तिला विहीर दाखवली, आजीने लावलेली जाई दाखवली, बोट धरून सगळं रान फिरवलं. ती गुमान चालली. चौथ्या दिवशी सकाळी ते उठून ओट्यावर आले, तर ती बूट घालून, स्वतःची बॅग स्वतः भरून बसली होती. पप्पा कधी येणार, एवढंच विचारत होती. औंदा मुलाने पंधरा दिवस कबूल केले होते. पुढे एक वाक्य जोडलं होतं: तिचं मन रमलं तर.

पलीकडे हमरस्त्यावरून लॉऱ्या जात होत्या. शरणप्पांनी त्या बराच वेळ बघितल्या. मग खाली बसले, गुडघा कुरकुरला तसे जरा थांबले, आणि स्क्रू उलटा फिरवू लागले. एक फेर. दुसरा. तिसरा. पुस्तकातल्या निम्म्यावर आणून त्यांनी हात थांबवला. पोत्याची सुतळी सोडली. मनगटावरची लाल दोरी सोडली.

"अक्का," ते म्हणाले, "ते रिमोट किती लांबून चालतंय?"