गाडी हलण्याआधीची पोच

गहिनीनाथ सांगलीत स्वतःच्या ट्रकमध्ये हळद भरून, केबिनमध्ये कीर्तन लावून ट्रान्सपोर्ट ऑफिसात इलाहीच्या खिडकीशी आला. तिथल्या यंत्राला पुढे घडणारं दिसू लागल्यापासून माल उतरल्याची पोच गाडी हलण्याआधीच यायची आणि भाडंही लगेच सुटायचं.

"आली का पोच, इलाहीभाई?"

"आली की! इंदूरला माल उतरला, पैसे सुटले. आता चहा तुझ्याकडून!"

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, भाडं माझ्या खात्यात कसं? वर 'वारस' लिहिलंय."

गहिनीनाथने फोन ठेवला. "इलाहीभाई, माल उतरवा. मी जात नाही."

इलाहीने पोच पुन्हा वाचली.

"नाथा, यात तू इंदूरला गेलाच नाहीस रे. गाडी तुझीच आहे, पण चालवणारा दुसरा आहे."

केबिनमध्ये टाळ वाजतच होते.