हरणाच्या कातड्याचा ढोल

गेल्या शिकारीच्या मोसमात आर्विड रानात हरवला. शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानं, काही दिवस शोध घेतला आणि थांबवला.

त्यानं मारलेलं हरीण मिळालं होतं, तो मात्र नाही. लायब्ररीत देशोदेशीची वाद्यं बनवायला शिकवणाऱ्या वर्गात त्याच्या बायकोनं, वर्नानं, त्याच हरणाचं कातडं ढोलावर ताणलं. वाळल्यावर एक थाप मारली. ढोल तीनदा वाजला.

"काय वर्ना, एक सांगितली की तीन वाजवता!" शिक्षक हसले.

"एकच मारली हो, तीही हळू."

पुन्हा एक थाप. पुन्हा तीन.

वर्गात सगळे शिकारीच. रानात वाट चुकलेला माणूस मदतीसाठी बंदुकीचे तीन बार काढतो, हे सगळ्यांना ठाऊक. कोणी हसलं नाही.

वर्नानं शेरीफला अर्ज लिहिला: "पतीचा थांबवलेला शोध पुन्हा सुरू करावा. ठिकाण: ढोलाच्या आत. श्वानपथक मात्र पाठवू नये; कुत्री कातडं कुरतडतील."